शॅडोज अधिक चाळीस

कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची, फाइल काढायला लागलेल्या माणसाला लवकरच प्रश्न पडतो, की या फायली उघडायच्या कशात. हा प्रश्न पडला की त्याचं फोटो काढणं बऱ्याच काळापुरतं थांबतं. लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, डार्कटेबल, रॉथेरपी अशी पाच सॉफ्टवेअर तो उतरवून घेतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा एकच फोटो पाचही ठिकाणी उघडतो, चारशे टक्के मोठा करतो आणि कोपऱ्यातल्या कारवीच्या एका पानाची कड कुठे जास्त रेखीव दिसते ते निरखत बसतो. कोकणकडा तोवर पडद्याबाहेर गेलेला असतो. चाचणीची मुदत संपते, निर्णय होत नाही, मग दुसऱ्या ई-मेल पत्त्यावर नवी मुदत सुरू होते. अखेर तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तिथे दाबून एवढासा केला जातो, आणि मावशी अंगठा दाखवते. मावशीला कारवीचं पान दिसलेलं नसतं. कडासुद्धा चष्मा शोधेपर्यंत वर सरकून गेलेला असतो, पण भाच्याचा फोटो म्हटल्यावर अंगठा हा शिष्टाचार आहे.

माझं म्हणणं असं, की ही सगळी तुलना चुकीच्या टोकाला चालते. सॉफ्टवेअर घेताना लोक बघतात ते त्यात फोटो कसा दिसतो हे, आणि दिसणं ही त्यातली सगळ्यात सहज बदलता येणारी बाब आहे. जी बदलता येत नाही तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही: पाच-सात वर्षं त्यात खपून केलेलं काम, ते सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर बाहेर कसं काढायचं? सोडायची वेळ येतेच. कंपनी बुडते, विकली जाते, धोरण बदलते, संगणक बदलतो, किंवा माणसालाच कंटाळा येतो. तरी दारातून आत शिरताना बाहेर पडायचा रस्ता विचारणं आपल्याकडे अपशकुनाचं मानतात.

फोटो दिसण्याचं एवढं काय ते आधी पाहू. सेन्सरला रंग कळत नाहीत, किती उजेड पडला एवढंच कळतं. यावर कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी एक युक्ती काढली, तिचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजचे बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एक बारीक रंगीत गाळणी बसवायची, निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, पाव ठिपक्यांवर निळी. म्हणजे एका ठिपक्याला एकच रंग मोजता येतो, उरलेले दोन कुणीतरी भरायचे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा हिशेब मांडला तर पूर्ण फोटोला ७ कोटी २० लाख आकडे लागतात. त्यातले मोजलेले असतात २ कोटी ४० लाख. बाकीचे ४ कोटी ८० लाख हे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून लिहिलेले असतात. ‘मी फोटोत काहीही फेरफार करत नाही, निसर्ग जसा आहे तसा दाखवतो’ असं सांगणाऱ्या माणसाच्या फोटोतसुद्धा दोन तृतीयांश मजकूर ऐकीव असतो.

ही चौकशी करायच्या पद्धती अनेक आहेत आणि लोकांना त्या निवडायची हौसही आहे. रॉथेरपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मूळचं हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ यांचं, २०१० पासून मुक्त परवान्याखाली आलेलं. त्यात या पद्धतींची यादीच दिली आहे: अमेझ, आरसीडी, डीसीबी, एलएमएमएसई, आयजीव्ही, एएचडी, एचपीएचडी आणि आणखी काही. यातली अमेझ ही पद्धत एमिल मार्टिनेक यांची, आणि ते आहेत सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे विश्वाच्या रचनेवर विचार करणाऱ्या माणसाला कारवीच्या पानाची कड सुटली नाही. एवढ्यावर भागलं नाही तर अमेझ अधिक व्हीएनजी४, आरसीडी अधिक व्हीएनजी४ अशा युत्याही उपलब्ध आहेत: फोटोत जिथे बारीक तपशील असेल तिथे एकाचं राज्य, जिथे सपाट आभाळ असेल तिथे दुसऱ्याचं. जागावाटप रॉथेरपी स्वतः करतं आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत अडत नाही. हे सगळं खरोखर हुशारीचं काम आहे. पण एरवीच्या फोटोत अमेझ आणि आरसीडी यांतला फरक ओळखायला फोटो इतका मोठा करावा लागतो, की नंतर तो कशाचा फोटो होता हे फाइलच्या नावावरून बघावं लागतं.

मग पाच सॉफ्टवेअरमध्ये एकच फोटो पाच प्रकारे दिसतो तो कशामुळे? मुख्यतः मतांमुळे. आकडे भरून झाले की त्यांना किती उजळ करायचं, काळ्याला किती काळं म्हणायचं, हिरव्यात पिवळं किती मिसळायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीने ते आपल्या आवडीने ठरवून ठेवलेलं असतं. याचा पुरावा रॉ वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. फोटो उघडला की क्षणभर तो झकास दिसतो, आणि डोळ्यांदेखत त्याचा चेहरा उतरतो. तो पहिला झकास फोटो म्हणजे कॅमेऱ्याने रॉ फाइलच्या पोटात ठेवून दिलेला छोटा जेपेग, आणि नंतरचा उतरलेला म्हणजे सॉफ्टवेअरचं स्वतःचं मत. कॅमेऱ्याचं मत दुकानात ग्राहक पटवण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे ते गोरंगोमटं असतं. लाइटरूमचं मत जरा सरकारी असतं, अर्जदाराने पुढे काय हवं ते लिहावं अशा बेताचं. दोन स्लायडर सरकवले की एकाचं मत दुसऱ्याच्या जवळपास नेता येतं. तरीही तुलनेचे सगळे व्हिडिओ काय करतात? दोन सॉफ्टवेअरमध्ये फोटो नुसता उघडतात, कुणीही कशालाही हात लावायच्या आधी, आणि निकाल जाहीर करतात. परीक्षा सुरू होण्यापूर्वी कोऱ्या उत्तरपत्रिका तपासण्याचाच हा प्रकार.

इथे एक गृहस्थ हात वर करतात आणि म्हणतात, म्हणूनच मी जेपेग काढतो, ही कटकटच नको. त्यांना नम्रपणे सांगावं लागतं, की साहेब, रूपांतर तुमचंही झालेलं आहे. रॉ फाइल विकसित करणारं सॉफ्टवेअर तुमच्या कॅमेऱ्यातच बसलेलं आहे. तुम्ही ते निवडलं नाही, जपानमधल्या एका अभियंत्याने तुमच्या वतीने निवडलं. सेन्सरने १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत मोजलेला उजेड त्याने २५६ पायऱ्यांच्या जेपेगमध्ये बसवला आणि उरलेलं टाकून दिलं. बहुतेक वेळा त्याने हे उत्तमच केलेलं असतं, आणि पुष्कळ लोकांनी खरंच जेपेगवर सुखाने राहावं असं माझंही मत आहे. पण ‘मी यात पडलो नाही’ असं मात्र त्यांना म्हणता येणार नाही.

दिसणं हे मतांचं काम आहे याला डिजिटलच्या आधीचाही दाखला आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. निगेटिव्ह एकच. तिचे प्रिंट ते पुढची कित्येक वर्षं काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ करडं आहे, त्यात ढगांच्या पुसट रेघा दिसतात. नंतरच्यांमध्ये ते काळंभोर होत गेलं. एकाच माणसाचं, एकाच निगेटिव्हबद्दलचं मत इतकं फिरलं. आपण मात्र अपेक्षा करतो, की सॉफ्टवेअरने पहिल्याच झटक्यात आपल्या मनातलं आभाळ काढून द्यावं. आणि मनातलं तरी कुठे ठरलेलं असतं? पावसाळ्यात मंडळी रात्रीची गाडी पकडून, चिखल तुडवत, धुकं बघायला म्हणून घाटमाथ्यावर जातात. परत येऊन पहिलं काम कोणतं करतात, तर डीहेझ नावाचा स्लायडर उजवीकडे ओढून ते धुकं काढून टाकतात. धुकं नको होतं तर मे महिन्यात जायचं.

आता ज्या आक्षेपात जोर आहे त्याकडे वळतो. जाणकार म्हणतील, फरक नुसता मतांचा नाही, काही ठिकाणी तो कौशल्याचा आहे. बरोबर आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालाचा ढग उडतो तेव्हा लाल रंगाचा आकडा वर जाऊन अडकतो, आणि त्यानंतर त्या गुलालात पोत राखायचा की सगळा एकसारखा गुलाबी चिखल करायचा, यात सॉफ्टवेअरची लायकी दिसते. लग्नाच्या मंचावर निळे-जांभळे एलईडी लावतात तेव्हाही तेच. नवरीच्या चेहऱ्यावरचा जांभळा डाग काही सॉफ्टवेअरना झेपतो, काहींमध्ये तो फोडासारखा दिसतो. फुजीने २०१२ साली एक्स-प्रो१ या कॅमेऱ्यात बेयरची मांडणी सोडून एक्स-ट्रान्स नावाची वेगळी मांडणी आणली, तेव्हा लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये झाडांची पानं वळवळणाऱ्या अळ्यांसारखी दिसतात अशी ओरड वर्षानुवर्षं चालली होती, आणि ती निराधार नव्हती. अंधारातल्या दाणेदार फोटोंच्या बाबतीत डीएक्सओने २०२० मध्ये डीपप्राइम आणलं तेव्हा बाकीचे मागे पडले, यातही वाद नाही. पण पुढे काय झालं तेही बघा. एप्रिल २०२३ मध्ये अडोबीने स्वतःचं डीनॉइज आणलं आणि अंतर बरंच मिटलं. अळ्यांवरही उपाय निघाले. या शर्यतीत आज पुढे असणारा उद्या मागे असतो, आणि मागचा परवा पुढे. रोज गुलाल किंवा रोज मंच हेच ज्याचं पोट आहे, त्याने जरूर याच कसोटीवर घ्यावं. बाकीच्यांनी वर्षातून एका मिरवणुकीसाठी आयुष्यभराचा संग्रह एखाद्या कंपनीच्या स्वाधीन करणं मला महाग वाटतं.

स्वाधीन हा शब्द जाणूनबुजून वापरला. ही सगळी सॉफ्टवेअर मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. तुम्ही जे जे करता ते फक्त सूचनांच्या रूपात लिहून ठेवलं जातं: एक्स्पोजर अधिक अर्धा, शॅडोज अधिक चाळीस, डावीकडून एवढं कापा. कुणी या सूचना शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये ठेवतं, कुणी कॅटलॉगमध्ये. म्हणजे आईने लिहून दिलेल्या कृतीत ‘एक वाटी’ लिहिलेलं असतं तसंच हे: वाटी आईच्या फडताळातली धरायची असते, आणि ती तुमच्याकडे नसते. लाइटरूमचे चाळीस आणि कॅप्चर वनचे चाळीस यांचा एकमेकांशी संबंध नाही. इतकंच काय, लाइटरूमचे चाळीसही सगळे सारखे नाहीत. २०१२ साली लाइटरूम ४ मध्ये अडोबीने गणितच बदललं, फिल लाइट आणि रिकव्हरी हे जुने स्लायडर जाऊन शॅडोज आणि हायलाइट्स आले, आणि जुने फोटो जसेच्या तसे दिसावेत म्हणून जुनं गणितही आत सांभाळून ठेवावं लागलं. एकाच घरात ही तऱ्हा, तर दुसऱ्या घरच्या वाटीचं कोण बघणार? डार्कटेबल लाइटरूमच्या काही सूचना वाचून बघतं, पण कापाकापी आणि असल्या ढोबळ गोष्टींच्या पुढे भरवसा ठेवू नये.

अ‍ॅपर्चर या सॉफ्टवेअरचं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. अ‍ॅपलने ते २००५ मध्ये आणलं, तेव्हा किंमत होती ४९९ डॉलर, आणि लाइटरूमचं नावही बाजारात नव्हतं. देखणं होतं, मॅकवर काम करणाऱ्या व्यावसायिकांनी त्यात अख्खे संग्रह उभारले. जून २०१४ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं, आता पुढे काम होणार नाही. २०१५ मध्ये विक्री बंद झाली आणि २०१९ मध्ये मॅकची कॅटलिना प्रणाली आली त्यावर ते चालेनासंच झालं. मधल्या काळात अडोबीने अ‍ॅपर्चरवाल्यांना आपल्याकडे यायची सोय केली. या सोयीतून फोटो आले, त्यांना दिलेले तारे आले, शोधशब्द आले. आलं नाही ते एवढंच: फोटोंवर केलेलं काम. हे लोक घेताना चुकले होते का? दिसण्यात, वेगात, सोयीत त्यांची निवड उत्तम होती. कॅमेरा कंपनीचंच सॉफ्टवेअर घ्यावं, ते तरी कुठे जाणार, असं म्हणणाऱ्यांनी निकॉनकडे पाहावं. कॅप्चर एनएक्स २ मध्ये फोटोवर बिंदू ठेवून तेवढ्याच भागावर काम करायची झकास सोय होती. ते तंत्र निक सॉफ्टवेअर या दुसऱ्या कंपनीचं. २०१२ मध्ये निक गूगलने विकत घेतली, २०१४ मध्ये निकॉनचं नवं सॉफ्टवेअर आलं त्यात ते बिंदू नव्हते. काही वर्षांनी ते परत आले. तोवर वनवास.

यावर तयार उत्तर असतं: डीएनजी वापरा. २००४ साली अडोबीने हे सर्वांसाठी खुलं असं रॉचं स्वरूप आणलं, आणि पेंटॅक्स, लायका यांनी कॅमेऱ्यातच त्याची सोय दिली. कॅनन, निकॉन, सोनी यांनी मात्र आपापल्या सीआर३, एनईएफ, एआरडब्ल्यू सोडल्या नाहीत. २००५ मध्ये निकॉनने डी२एक्स या कॅमेऱ्याच्या फायलींत व्हाइट बॅलन्सचे आकडे कुलूपबंद केले. फोटोशॉपचे एक जनक टॉमस नोल यांनी जाहीर तक्रार केली, आणि डेव्ह कॉफिन यांनी ते कुलूप उघडूनही दाखवलं. या कॉफिन यांनी १९९७ पासून डीसीरॉ नावाचा छोटासा प्रोग्रॅम फुकट सांभाळला. कंपन्या जे स्वरूप सांगत नव्हत्या ते त्यांनी उलगडून दाखवलं, आणि आजची कित्येक सॉफ्टवेअर त्यांच्या कामावर उभी आहेत. रॉथेरपीच्या पोटातही डीसीरॉच आहे. रॉच्या जगात एखाद्याचा पुतळा उभारायचा झाला तर मी वर्गणी काढीन. पण डीएनजी काय किंवा कॉफिन काय, त्यांनी सोडवला तो फाइल वाचण्याचा प्रश्न. तुमचे शॅडोज अधिक चाळीस हे डीएनजीच्या आत भरले तरी ते अडोबीच्या वाटीनेच मोजलेले राहतात.

राहिला पैशाचा आक्षेप, तो मी लवकर उरकतो. अडोबीने भाड्याची पद्धत आणली, एकरकमी विकलेलं शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६, त्यावर लोक अजून चिडलेले आहेत. चिडण्यात अर्थ आहे, पण भाडं थांबवल्यावर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो बघता येतात, बाहेरही काढता येतात, फक्त त्यांवर नवं काम फारसं करता येत नाही. हे घरमालक त्या मानाने बरे. उलट ज्यांनी लाइटरूम ६ पूर्ण किमतीत घेतलं, त्यांचा नवा कॅमेरा त्याला २०१७ नंतर ओळखता येईना. डार्कटेबलवाले म्हणतील, आमचं फुकट आणि खुलं, कुणी काढून घेऊ शकत नाही. खरं आहे, आणि या लेखाच्या कसोटीवर ते सगळ्यात वर बसतं. फक्त किंमत रुपयांऐवजी संध्याकाळींमध्ये द्यावी लागते. एकाच कामाला त्यात तीन मॉड्युलं असतात. कोणतं खरं यावर ते बनवणाऱ्यांचंच एकमत नाही: त्यातल्या एका प्रमुख माणसाने वेगळी चूल मांडून अ‍ॅन्सेल नावाचं निराळं सॉफ्टवेअर काढलं. वर्षातली एक नवी आवृत्ती बहुधा नाताळच्या सुमारास येते, म्हणजे सुट्टी तिथेच गेली.

मग काहीही घ्यावं का? जवळजवळ काहीही. ज्याचे शॉर्टकट बोटांत बसतात, ज्यात शंभर फोटोंतले नव्वद पटकन टाकून देता येतात ते घ्यावं, कारण खरं काम टाकण्याचं असतं आणि ते कोणतंही सॉफ्टवेअर आपल्याकरता मनापासून करत नाही. निवड आठवडाभरात संपवावी. आणि जो फोटो खरोखर पूर्ण झाला, भिंतीवर लावावा असा झाला, तो त्याच दिवशी १६ बिटी टिफ करून रॉच्या शेजारी ठेवावा. मग सॉफ्टवेअर बंद पडो, विकलं जावो किंवा भाडं वाढवो, तुमचं आभाळ तुमच्याकडे राहील. एक जेपेगही ठेवावा, मावशीसाठी. टिफ फार जागा खातात हा आक्षेप मला माहीत आहे. वर्षाकाठी भिंतीवर लावण्याजोगे फोटो ज्याचे हार्ड डिस्क भरण्याइतके होतात, त्याला सॉफ्टवेअरचा सल्ला देणारा मी कोण? उरतो तो हे टिफ झिप पद्धतीने दाबावेत की एलझेडडब्ल्यूने, एवढाच प्रश्न. एलझेडडब्ल्यूने १६ बिटी फाइल पुष्कळदा लहान व्हायच्या ऐवजी मोठीच होते, तेव्हा झिप बरं. पण झिप केलेलं टिफ काही जुन्या प्रोग्रॅमना उघडत नाही, असं म्हणत कुणीतरी आत्ताच पाच प्रोग्रॅम उतरवून घ्यायला बसलं असेल.